भुलीचा ताप

"कितवी शिकलीस?"

डॉक्टरनं भरल्या ओपीडीत विचारलं. मी म्हणलं, आठवी.

"मग डॉक्टरकी आम्हाला करू दे की."

कंपाउंडर हसला. रांगेतल्या बायाबी हसल्या. कडेवर माझी चार वर्षांची पोर, तिचं हर्नियाचं ऑपरेशन. मी एवढंच सांगत व्हते की माझा धाकटा भाऊ मोडका हात बसवायला भूल दिली तवाच गेला. अंग लाकडासारखं ताठ, तव्यागत तापलेलं. माहेरी आमी त्याला भुलीचा ताप म्हणतो.

"अंगात आलं असेल त्याच्या," डॉक्टर म्हणला. "चला, पुढचा पेशंट."

मी पोरीला घेऊन बाजूला सरले. नवरा चाकणला, फर्स्ट शिफ्टला. मी भोसरीवरनं एकटीच आलेली. घाबरले.

ऑपरेशनआधीच्या कागदावर नर्सनं सगळ्या खान्यांत "नाही" आधीच लिहिलेलं. घरात कुणाला भुलीचा त्रास? नाही. मला विचारलंबी न्हाई. भूल देणाऱ्या मॅडम तीन दवाखाने फिरत्यात, ऐनवेळी येत्यात, तो कागद बघत्यात आन भूल देत्यात.

पोरीला आत नेलं. थोड्या वेळानं ऑपरेशनच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. नर्स समोरच्या रसवंतीत पळाली, बर्फ घेऊन आली. मागनं मॅडम, घामाघूम, आन डॉक्टर.

"जबडा घट्ट बसलाय, अंग तापत चाललंय. भुलीचा गॅस बंद केलाय. घरात कुणाला असं झालं होतं?"

मी किंचाळले, "सांगितलं व्हतं की! ह्यांना सांगितलं व्हतं!"

मॅडमनं डॉक्टरकडं बघितलं. त्यानं मान फिरवली.

त्यावर एकच औषध असतंय. ह्यांच्याकडं न्हवतं. मॅडमनं फोन करकरून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातनं मागवलं. ते येईस्तोवर नर्स पोरीच्या अंगाला बर्फ लावत ऱ्हायली. पोर वाचली. पण लघवी काळ्या चहासारखी झाली, किडनीवर आलं. अजून आयसीयूत हाय.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं केबिनमधी बोलावलं. "ताई, इथं सही करा. फॉर्मॅलिटी आहे."

मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. *नातेवाईकांनी घरातला आजार लपवून ठेवला.*

पेन टेबलावर ठेवला. "न्हाई करणार."

"पोरीची ट्रीटमेंट इथंच चालू आहे. विचार कर."

लगेच ताईची तू झाले.

मोबाईल काढला. त्या कागदाचा फोटो घेतला, त्याच्या तोंडाचाबी.

मला भरपाई नको. माफीबी नको. मेडिकल कौन्सिलला तक्रारीचा अर्ज मी माझ्याच अक्षरात लिहितीय, चुका ऱ्हाऊ देत. भावाच्या टायमाला आमी देवाला दोष दिला आन घरात बसलो. आता दोष द्यायला माणूस घावलाय. दारावरची त्याची पाटी खाली उतरंस्तोवर मी त्याला सोडत न्हाई.