ढग पळवणाऱ्या काचा

तापलेल्या काचेवर ओलं फडकं फिरवलं, की उठणाऱ्या वासानं मला साखरा गावातलं आमचं शेत आठवतं. आईनं विहिरीवर काचेच्या पॅनलवर चालणारा सौर पंप बसवला आणि नेमकी त्याच वर्षी पावसानं दडी मारली. गावातली चार-पाच माणसं बांधावर आली. "वहिनी, ह्या काचांमुळं ढग पळून राहिले, काढून टाका," त्यांतला म्होरक्या म्हणाला. आई पॅनलसमोर जाऊन उभी राहिली. "तुमी माळावरची लिंबाची झाडं तोडून इकली, तवा ढग काहून आठवले न्हाईत? आधी तिथं झाडं लावा, मंग या." माणसं वळायच्या आतच तिनं त्यांच्या देखत पंप चालू केला. गावाशी वैर नको म्हणून मी मागून तिचा पदर ओढत होते, याची मला अजून लाज वाटते.