चुंबकाला न चिकटलेली थाळी

घरातल्या सगळ्या थाळ्यांना मी चुंबक लावून पाहिलं आणि एकही थाळी उलटी करून पाहिली नाही. चूक म्हणाल तर एवढीच.

स्टीलचे पत्रे पाण्यात बुडवून बॅटरी जोडली की हायड्रोजन निघतो, असं मी फोनवर पाहिलं होतं. पन्नाशीत माणसाला असलं काहीतरी सुचतंच. अट एकच, पत्र्याला चुंबक चिकटता कामा नये. चिकटलं की स्टील हलकं समजायचं. आमच्या लग्नात माझ्या नातेवाइकांनी दिलेल्या आहेराच्या थाळ्यांना ते टपाटप चिकटलं. एकच थाळी अस्सल निघाली.

बायको कारध्याला बहिणीकडे गेली होती. मी ग्राइंडरने थाळीच्या तळाचे सहा चौकोन कापले. मग खरखरीत पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासल्या, आधी उभ्या, मग आडव्या. तशा रेघा असल्या की बुडबुडे लवकर सुटतात. एका बाजूला बारीक टिंबं टोचलेली होती. जुने ओरखडे समजून तिथे जरा जास्तच जोर लावला. बोटांचं तेल लागू नये म्हणून हातांत दुधाच्या रिकाम्या पिशव्या घातल्या होत्या.

दुपारी ती आली, जेवायला वाढायला लागली.

"अवो, माही थाळी कोठी गेली?"

मी अंगणाकडे बोट दाखवलं. तिने एक चौकोन उचलला, आणि मी शहाणा बोललो, "हात नको लावू, तेल लागते."

ती चौकोन उन्हात तिरपा धरून बघत राहिली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिचा धाकटा भाऊ भंडाऱ्यात भांड्यांच्या कारखान्यात होता. थाळी त्याने दिलेली, आणि मागे "ताईस" लिहून खाली स्वतःचं नाव त्याने स्वतःच खिळ्याने टोचलं होतं. कोरोनात तो दवाखान्यात गेला तो गेलाच. तोंडसुद्धा तिला पाहू दिलं नाही. एवढी वर्षं भांडी घासताना ती त्या टिंबांवरून अंगठा फिरवायची. मला वाटायचं, डाग काढते आहे.

सहाही तुकडे आम्ही जमिनीवर जुळवले. दोन तुकड्यांवर मिळून चार-पाच टिंबं उरली होती. अक्षर एकही होत नव्हतं.

"दुकानातून पुन्हा नाव टाकून आणतो," मी म्हणालो.

"नाव मले पाठ आहे," ती म्हणाली. "हात त्याचा होता."

ते दोन तुकडे तिने पदरात बांधले. मला वाढलं, चुंबक चिकटणाऱ्या थाळीत. स्वतः जेवली नाही. माझं जेवण उरकल्यावर राहिलेले चार चौकोन माझ्यासमोर ठेवून म्हणाली,

"घ्या, करा तुमचा गॅस. एवढं घासलं, तं निघू द्या आता काही तरी."