पाच दिवसांचा चार्ज

आमच्या कॉलेजचे प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. त्यामुळे संस्थेच्या सचिवांना झक मारत चार्ज माझ्याकडे द्यावा लागला. दोन वर्षं मला प्रभारी म्हणून राबवून घेतलं. कायमच्या नेमणुकीच्या मुलाखतीचं नाव काढलं की, "बघू की मॅडम, घाई काय हाय?" मला ती खुर्ची हवी होती. हो, हवी होती! लाजायचं कशाला?

मग एक दिवस सचिव स्वतः पत्रक घेऊन केबिनमध्ये आले. महिला प्रशासकांसाठी नेतृत्व विकास, पाच दिवस, राहून-खाऊन तिथंच. "जाऊन या, मुलाखतीत कामाला येईल." मी येडी, वर त्यांना चहा पाजला.

निघायच्या दिवशी ऑफिसातल्या बाबूंनी चार्ज सोपवल्याचं पत्र पुढं सरकवलं. माझ्याहून अकरा वर्षांनी कनिष्ठ सरांच्या नावानं होतं, सचिवांच्या भाच्याच्या. एसटीची वेळ झालेली. न वाचताच सही ठोकली. पोरांच्या उत्तरपत्रिकेतला अनुस्वार न सोडणारी मी! पत्रात 'पाच दिवसांसाठी' कुठंच नव्हतं, 'पुढील आदेशापर्यंत' होतं.

प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी कार्डं वाटली. 'मला पुढे जाण्यापासून काय अडवतं?' शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, अडथळा बाहेर नसतो, आपल्याच मनात असतो. मी गुणी पोरीसारखं लिहिलं, 'माझी भीती.' लय टाळ्या पडल्या.

चौथ्या दिवशी आमच्या शिपाई मावशींचा फोन आला. पेडगावहून येतात, कधी उगीच फोन करायच्या नाहीत. "मॅडम, हितं पेढे वाटायलेत. तुमच्या नावाची पाटी बी काढली. तुमी येनार न्हाई का आता?"

परतले ती थेट सचिवांसमोर. ते पान चघळत हसले. "तुमीच तर सही करून दिलंय की!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती कसली डोंबलाची? मला अडवणारा माणूस हा समोर बसला होता. पाहुणचाराला धाडायचं आणि मागं घराचं कुलूप बदलायचं, असला हा धंदा. मी तसं तोंडावर बोलले. "जे काय हाय ते लेखी द्या," म्हणाले. त्याच दिवशी हरकतीचा अर्ज दिला. उत्तर नाही.

महिन्याभरानं प्रशिक्षणवाल्यांचा फॉर्म आला. 'प्रशिक्षणानंतर आपल्या पदात कोणता बदल झाला?' मी लिहिलं, 'पद गेलं. कसं गेलं, ते सोबत जोडलं आहे.' मागं चार्जचं पत्र लावलं, हरकतीचा अर्ज लावला.

खाली प्राचार्यांची सही लागत होती. मी तो फॉर्म नेऊन भाच्यासमोर ठेवला. त्यानं सवयीनं पेनाचं टोपण काढलं.

"वाचून करा, सर," मी म्हणाले. "मी वाचलं नव्हतं."