वन्संचं बोटीचं इंजिन

वन्संनी कुठल्याही यंत्राला कधी ‘बिघडलं’ म्हणू दिलं नाही. मिक्सर असो की स्कूटर, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “उपाशी आहे की अति झालंय?” वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. माणसांनाही त्या हाच प्रश्न लावत. तुमचे बाबा तान्हे असताना भोकाड पसरायचे, आम्ही खुळखुळे वाजवत बसायचो आणि वन्सं लांबूनच विचारायच्या, “उपाशी आहे की अति भरवलंत?” बहुतेक वेळा अतिच झालेलं असायचं.

त्यांच्या यजमानांनी हौसेनं एक जुनं बोटीचं इंजिन घेतलं होतं. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं, खाली पाण्यात पंखा. पानशेत धरणाच्या पाण्यापलीकडे त्यांची थोडी जमीन होती, तिथे जायला ते लागे. यजमान गेल्यावर इंजिन भंगारात जाणार असं सगळ्यांनी धरलंच होतं. वन्संनी ते बिबवेवाडीच्या फ्लॅटवर आणलं. पाण्याबाहेर चालवलं तर तापतं, म्हणून पार्किंगमध्ये पाण्याचं पिंप ठेवून त्यात ते सुरू करून बघायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी फलकावर लिहिलं, ‘पार्किंगमध्ये जहाजे चालवू नयेत.’ वन्संनी खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘जहाज नव्हे, होडीचे इंजिन. कृपया मजकूर दुरुस्त करावा.’

इंजिन बंद पडलं की त्या आधी प्लग काढून बघत. ओला असला तर पेट्रोल अति झालंय, कोरडा असला तर पोचतच नाही. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू, नळी, गाळणी असं क्रमानं पुढे जात. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. “दोन एकदम बदलल्या, तर कशानं बरं झालं ते कळणार कसं?” मला ही शिस्त मनापासून पटे. तुमच्या आजोबांचा विश्वास धपाट्यावर.

एका हिवाळ्यात आम्ही तिघं पलीकडच्या काठावर गेलो होतो. जेवणाचे डबे उघडतानाच आजोबांना दरदरून घाम फुटला. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय म्हणाले. गाडी अलीकडच्या काठावर, मोबाइलला रेंज नाही. आम्ही त्यांना होडीत आडवं केलं. इंजिन दोरीच्या पहिल्या ओढीला सुरू झालं आणि पाण्याच्या मध्यावर दोन आचके देऊन बंद पडलं. वल्ही होती, पण वारा समोरून, आणि वल्हवणाऱ्या आम्ही दोघी म्हाताऱ्या.

मी वन्संना दोरी पुन्हा ओढायची विनवणी केली. त्यांनी ओढली नाही. फडक्यात धरून प्लग काढला, पाहिला.

“कोरडा. उपाशी आहे.”

झाकणावरचा स्क्रू उघडाच होता. टाकीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत रबराचा एक फुगा असतो, डॉक्टरांच्या बीपीच्या यंत्राला असतो तसा. तो त्यांनी दाबून बघितला. टणक लागला. म्हणजे पेट्रोल तिथवर येत होतं, पण इंजिनाचा स्वतःचा छोटा पंप ते पुढे ओढत नव्हता. प्लग परत बसवून त्यांनी फुगा माझ्या मुठीत दिला.

“तू दाबत राहा. एकसारखं. तू थांबलीस की हे थांबेल.”

त्यांनी दोरी ओढली आणि इंजिन चाललं. मी दाबत होते. मध्येच आजोबांच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं, हात थबकला आणि इंजिनानं लगेच आचका दिला.

“त्याच्याकडे मी बघते,” वन्सं म्हणाल्या. मग आजोबांना म्हणाल्या, “बंडू, तुझं आणि ह्याचं दुखणं एकच दिसतंय. पंप.”

तेवढ्या कळांतही आजोबा हसले. “ताई, ह्याला आधी बरं कर,” म्हणाले.

काठ आला, गाडी आली, हॉस्पिटल आलं. रक्तवाहिनीतली गुठळी निघाली, स्टेंट बसली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. नंतर आम्ही दोघी आजोबांच्या खाटेशी बसलो होतो. नर्सनं त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळून बीपीचा फुगा दाबायला घेतला, आणि माझी मूठ पदराखाली आपोआप मिटू-उघडू लागली. वन्संनी ती हातात धरली.

“बास आता. तो आपला आपण चालतोय.”

तेव्हा कुठे मला रडू आलं.

पुढे त्यांनी इंजिनाचा पंप उघडला. आतला रबरी पडदा हल्लीच्या पेट्रोलनं मऊ पडून फाटला होता. नवा घातला, पिंपात चालवलं आणि मगच आजोबांच्या तब्येतीची चौकशी करायला आल्या.

वन्सं गेल्या त्या झोपेत, कुणाला त्रास न देता. इंजिन आता आमच्या पार्किंगमध्ये आहे. आजोबा अधूनमधून पिंपात सुरू करतात, धपाटा न घालता.

आणि तुम्ही दोघं. शिकायला गेलात तिकडून रडवेल्या आवाजात फोन करता, परीक्षा, मैत्रिणी, थंडी काय काय सांगता, आणि मी आधी विचारते, “जेवलात का?” तुम्ही हसता, सगळ्या आज्या हेच विचारतात म्हणता. विचारत असतील. मी मात्र प्लग काढून बघत असते.