सापासाठी दोन मडकी

नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा रायपूरच्या फ्लॅटमधल्या सामानाची वाटणी एका दुपारीत उरकली. फ्रीज त्याचा, वॉशिंग मशीन माझं, भांडी निम्मी निम्मी. भांडण झालं नाही. शेवटी उरला साप, बॉल पायथन जातीचा. हौस नवऱ्याची होती, रीतसर नोंदणी करून त्यानंच तो पाळला होता. पण बदलीच्या गावी त्याला आधी कुणाकडे तरी खोली घेऊन राहायचं होतं. "काही महिने तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. मी हो म्हटलं. का म्हटलं, ते आजही नीट सांगता येत नाही.

मी भिलाईला बाबांकडे आले, सेक्टर दोनमधल्या त्यांच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. बाबा स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे, रिटायरमेंट जवळ आली होती. मी रसमड्याच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी धरली. परत का आलीस, असं बाबांनी एका शब्दानं विचारलं नाही. हातातली कापडी पिशवी हलली तेव्हा मात्र विचारलं.

"त्याच्यात काय हाय?"

"साप."

ते भिंतीला जाऊन टेकले. "कावून आणला? इथं पावसाळ्यात मागच्या गल्लीत नाग निघते, आमी फोन करकरून सापवाल्याले बोलावतो, अन् तू घरात घेऊन येते?"

"बिनविषारी हाय, बाबा. आफ्रिकेतला लहान अजगर. भ्याला का सोताचा गोळा करून बसते, बस."

"मले नाही पायजे. तुया खोलीत ठेव. अन् दार लावून घेत जाय."

त्याच्यासाठी मी सुपेल्याच्या बाजारातून मासे ठेवायची काचेची पेटी आणली, दुकानात होती त्यातली सर्वांत मोठी. वर जाळीचं झाकण, आत दिवा, एक फांदी, पाण्याचा वाडगा. चारी बाजूंनी स्वच्छ काच. इतकी हलवाहलव झाली आहे त्याची, निदान ऐसपैस जागा तरी मिळू दे, असं वाटलं होतं.

तो खाईना. फ्रीजरमधला गोठलेला उंदीर मी कोमट पाण्यात नरम करून चिमट्यानं समोर धरायचे, तो तोंड फिरवायचा. (उंदरांच्या डब्याबद्दल बाबा एवढंच म्हणाले होते, "भाजीपासून दूर ठेव.") दिवसभर एका कोपऱ्यात नाक खुपसून बसायचा. नाकाची कातडी सोलवटली. मग मी वाचायला बसले, जे आधी करायला हवं होतं. हा साप वाळवीच्या वारुळांत आणि उंदरांच्या बिळांत राहणारा. अंग चहूबाजूंनी कशाला तरी टेकलेलं असलं की तो निवांत असतो. मोकळी जागा म्हणजे त्याच्या लेखी धोका. मी त्याला मोठं घर दिलं होतं, आणि तो त्यात उघड्यावर बसून होता.

टीव्हीचं जुनं लाकडी कपाट मागच्या व्हरांड्यात पडलं होतं. ते आडवं करायचं, तीन बाजू लाकडाच्या, पुढे सरकती काच, असं ठरवलं. रविवारी ड्रिल घेऊन बसले. थोड्या वेळानं बाबा विहारातून आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "सरक. भोक वाकडं चाललं तुयं."

हवेसाठी भोकं त्यांनी पाडली. काचेला छोटं कुलूप लावलं, ते दोनदा ओढून पाहिलं. एका टोकाला तळाशी गरम होणारी चटई आणि तिला थर्मोस्टॅट, म्हणजे त्या बाजूला बत्तीस अंशांच्या आसपास राहील आणि दुसरं टोक थंड. खाली नारळाचा भुसा. मग मी बाजारातून आणायच्या मडक्यांबद्दल सांगितलं.

"दोन कावून? साप तर एकच हाय ना."

"एक गरम बाजूले, एक थंड बाजूले. एकच ठेवलं तर लपायचं का ऊब घ्यायची, त्यातलं एक सोडा लागते त्याले. मंग तो लपूनच राहते, अन् उपाशी मरते."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर पुसून ठेवला. मग म्हणाले, "सारखेच घेजो दोन्ही. लहान घेजो."

मडकी पालथी घातली, तोंडाशी कानशीनं घासून वाट केली. सापाला आत सोडलं आणि आठवडाभर हात लावला नाही. त्यानंतर उंदीर धरला तर मडक्यातून डोकं आलं आणि उंदीर आत गेला. मी बाहेर जाऊन सांगितलं. बाबा पेपर वाचत होते. "खाल्ला? बरं झालं," म्हणाले.

मे महिन्यात लू सुटली, भाजून काढणारा कोरडा वारा. चटई बंदच ठेवावी लागली, कूलर खोलीकडे वळवला, तरी हवा कोरडीच. साप कात टाकायला लागला तर ती तुकड्यातुकड्यांनी निघाली, एका डोळ्यावर पापुद्रा राहिला. थंड मडक्यात ओलं शेवाळ भरलं, भुशावर पाणी शिंपडायला लागले. माझी पाळी सकाळची असली की दुपारी बाबा शिंपडायचे, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. पुढची कात सबंध निघाली, मोजा उलटा काढावा तशी.

पावसाळ्यात नवरा आला, साप न्यायला. आता त्याचा स्वतःचा फ्लॅट होता. बाबांनी त्याला बसवलं, चहा केला. त्यानं मोबाइलवर तिकडची तयारी दाखवली: हॉलच्या मधोमध काचेची मोठी पेटी, आत निळा दिवा.

"याच्यात तो जेवणार नाही," मी म्हटलं, आणि का ते सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग माझ्या खोलीत येऊन काच सरकवली, मडकं उचललं. साप गोळा होऊन होता. त्यानं बोट लावलं, गोळा आणखी आवळला. त्यानं मडकं पुन्हा होतं तसं ठेवलं.

"इथं बरा दिसतो."

"हो."

"नोंदणी तुझ्या नावावर करून टाकू मग."

बाबा दारात उभे होते. "जेवून जाय," ते त्याला म्हणाले. तो जेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. तसं काही विशेष झालं नाही. रात्री भांडी घासली आणि झोपले.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. आम्ही भाड्यानं घरं पाहत फिरलो. कुम्हारीकडे एक मला आवडलं, रस्त्याला लागून, स्वस्त, बसही दारातून. बाबा मागच्या खोलीत गेले, भिंतीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

"नको हे," घरमालकासमोरच म्हणाले. "पश्चिमेची भिंत हाय. दुपारपासून रातपर्यंत तापन. कपाट कुठी ठेवशील त्याचं?"

घरमालकानं विचारलं, "किसका?"

"परिवार में है एक," बाबा म्हणाले, आणि चप्पल घालायला बाहेर गेले.