गोल्फच्या पिशवीला निळा टॉवेल

नव्या टॉवेलच्या खळीचा वास आला की मला माझ्या मित्राची पडवी आठवते. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, गोल्फ मैदानाच्या गवताला दिवसभर पाणी आणि खाली गावच्या विहिरी कोरड्या, हा सरळ दरोडा आहे, असं आम्ही दोघं घरोघर पत्रकं वाटून सांगत होतो. बाकीचे केव्हाच गळाले होते. त्या सकाळी मी त्याला बोलवायला गेलो, तर त्याच्यासमोर गोल्फची पिशवी आणि दोन टॉवेल. "थंय सड्यार कामाक लागलंय रे. पाहुण्याची पिशवी खांद्यार व्हरूची, काठी पुसूची. ह्यातलो खंयचो टॉवेल बरो?" शिव्या घालायला मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं भलतंच, "पांढरो नको. सड्याची तांबडी माती धुवन जावची नाय. निळो घे." त्याने निळ्याच्या कोपऱ्यातून दोरी ओवून जाळ्याला मारतात तशी घट्ट गाठ मारली, तोवर पिशवी मीच धरून उभा. मान वर न करता तो म्हणाला, "पत्रकां आता तुका एकट्याकच वाटूची लागतली." वाटतो की मी, अजून वाटतो. फक्त एखाद्या वाडीत कुत्रं अंगावर धावून आलं, की त्याला हाड म्हणायला सोबत कुणी नसतं.