आईचं दूध, निळा डबा आणि पाव किलो मशरूम

तीन आठवडे ही पोस्ट टाळतेय. आधी फोटो निवडायचे होते, मग भांडी साठली होती, मग सरळ लाजच वाटत होती. असो.

माझी मावसबहीण मुग्धाताई जर्मनीच्या दक्षिणेला, बायर्नमधल्या एका लॅबमध्ये किरणोत्सार मोजते. तिला बर्लिनहून दूध हवं होतं. लिना नावाच्या बाळंतिणीचं. लिना पॅसिफिकमधल्या एका बेटावर वाढली, जिथे कधीकाळी अणुचाचण्यांची राख पडली होती. तिथलेच नारळ, तिथलेच खेकडे खात ती मोठी झाली आणि गेल्या वर्षी इकडे आली. आता तिचा एकच प्रश्न: बाळाला पाजू की नको? डॉक्टर म्हणतात पाज, तिकडून तिची आई म्हणते नको. आकडा कुणाकडेच नाही.

कुरिअरवाल्यांनी विचारलं, हे अन्न की जैविक नमुना? दोन्हीचे फॉर्म वेगळे, दोन्ही नामंजूर. मग ताईला मी आठवले. बर्लिनमध्येच राहणारी, रिकामटेकडी, आणि प्रादेशिक गाड्यांचा पास असलेली.

दोन आठवडे थोडं थोडं काढून गोठवलेल्या बाटल्या लिनाने निळ्या डब्यात रचल्या. "उघडू नकोस हं," ती म्हणाली. ताईनेही फोनवर तेच बजावलं.

जाणाऱ्यांसाठी सूचना: त्या पासवर जायचं तर पहाटे निघा. चार गाड्या बदलायच्या, त्यातली माझी तिसरी रद्द. दोन तास एका टिचभर स्टेशनवर. बेकरीतलं ब्रेत्सेल (तो पीळ घातलेला खारा पाव) झकास, टॉयलेट बंद. बाहेर लगेच जंगल, म्हणून डबा घेऊन जरा भटकले. तिथे एक आजोबा टोपलीत रानातले मशरूम विकत होते. ताईच्या घरी पहिल्यांदाच जात होते, रिकाम्या हाताने कसं जायचं? पाव किलो घेतले. उन्हाने ते मलूल व्हायला लागले. डब्यात बर्फ होताच की.

लॅबमध्ये ताईने झाकण काढलं.

"हे काय?"

"तुझ्यासाठी. स्टेशनबाहेरच्या जंगलात एक आजोबा टोपलीत घेऊन बसले होते. बटरवर परत, मस्त लागतात."

"अगं बाई! या जंगलांच्या मातीत अजून चेर्नोबिलचं सीझियम आहे. मशरूम ते शोषून घेतात. आणि मी दुधात काय शोधतेय?"

"सीझियम?"

"गेनाऊ! अगदी तेच!"

"बाटल्या धुऊन घेऊ ना."

"धुते. पण आकडा आला तर तो बेटाचा की तुझ्या आजोबांच्या टोपलीचा? लिनाला कोणत्या तोंडाने सांगू? रिकाम्या हाताने आली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

रागारागाने तिने मशरूमच शिशाच्या जाड भिंतींच्या यंत्रात ठेवले. तासाभरात पडद्यावरच्या आलेखात सीझियमचं टोक ताठ उभं. "अधूनमधून खायला चालतात," ती म्हणाली. कुणीच खाल्ले नाहीत.

लिनाला फोन ताईनेच केला. पलीकडून फक्त "पुन्हा?" ऐकू आलं, आणि मागे बाळाचं रडणं.

बर्लिनला परतल्यावर जंगलाबद्दल लिहिणार होते. आठवतात त्या बाटल्याच. माफी मागायला एकदा निघालेही, पण वाटेत जुना बाजार लागला. खरंच सांगते.

एवढं लिहितेय तोच बेल वाजली. दारात लिना! कडेवर बाळ, हातात नवा डबा, चारी बाजूंनी चिकटपट्टी.

"डबा मी धरते," ती म्हणतेय. "तू फक्त गाड्या दाखव."